पावसात तोड्याची बंदूक आणि चाळीस किलोची तलवार: कथा, मालिका, गेम्समधली शस्त्रं कितपत खरी असावीत?

रानवारा (धागालेखक)

दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. काळ १६६०, जागा पन्हाळ्याचा पायथा, महिना आषाढ. सिद्दी जौहरच्या वेढ्यातला एक बरकंदाज, म्हणजे बंदूकवाला शिपाई, हा नायक (हो, शत्रुपक्षातला. त्यावरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा). एका प्रसंगात हा गडी धो धो पावसात चौकीवर उभा आहे, समोरच्या रानातून कुणीतरी पळताना दिसतं आणि तो लागोपाठ तीन बार काढतो. तिसऱ्या बाराला माणूस पडतो. पुढची सगळी कथा त्या पडलेल्या माणसाभोवती फिरते.

खर्डा एका मित्राला वाचायला दिला. त्याने त्या परिच्छेदाशेजारी समासात "पाऊस??" एवढंच लिहून परत पाठवला.

तर तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडवायची बंदूक अशा पावसात उडते का? आणि मुळात असल्या गोष्टींनी वाचकाचं काही अडतं का? मालिकांमध्ये तोफगोळा पडला की बॉम्बसारखा फुटतो, गेममध्ये अर्धमेला माणूस पट्टी बांधून पाच सेकंदांत टुणटुणीत होतो, आणि आपण चवीने बघतो, खेळतो. मग लेखकानेच का डोकेफोड करावी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनी टाकला तरी चालेल.

खवचट_खान

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गडवेडा_सांगलीकर

मला पावसाच्या आधी "लागोपाठ तीन बार" खटकलं.

तोड्याच्या बंदुकीचा एक बार म्हणजे काय काय करावं लागतं ते बघा. शिंगड्यातून मोजकी दारू नळीत ओतायची. वरून गोळी, सोबत चिंधी. गजाने ठासायचं. मग काना, म्हणजे नळीत आग पोचवणारं भोक, मोकळा आहे ना ते बघून त्याशेजारच्या पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक कुटलेली दारू. पेल्याचं झाकण लावायचं. जळती जामगी, म्हणजे वात, एवढा वेळ बोटांत, दारूपासून लांब धरलेली. ती आता चिमट्यात अडकवायची, फुंकर मारून निखारा लाल करायचा, झाकण सरकवायचं, नेम धरायचा आणि मग चाप ओढायचा. सरावलेला माणूस मिनिटाला एक बार काढेल, फार तर दोन. पळणारा तेवढ्यात रान ओलांडून घरी जाऊन पानावर बसलेला असेल.

आता पाऊस. पाणी तीन ठिकाणी घात करतं. जामगी विझते, रंजक भिजतं आणि नळीतली दारू ओल धरते. नळीचं तोंड मेणकापडाने बांधता येतं, पेल्याला झाकण असतं, पण जामगी उघडी ठेवल्याशिवाय बार होत नाही. आणि पन्हाळ्याला आषाढात पाऊस वरून कुठे पडतो, आडवाच येतो की.

चौकीला छप्पर द्या आणि बार एकच ठेवा.

मुक्तछंद

म्हणजे कथा सोडून छप्पर बांधायचं? धागालेखक, तुम्ही हे असलं ऐकू नका. वाचकाला त्या बरकंदाजाच्या मनात काय चाललंय ते हवं असतं, त्याच्या पेल्यात रंजक किती होतं ते नको. शस्त्रांची जंत्री वाचायची असेल तर संग्रहालयात जावं. कथेला कथेचं सत्य असतं.

गडवेडा_सांगलीकर

@मुक्तछंद, उद्या मी तुमच्या कवितेत चैत्रात पारिजातक फुलवला तर चालेल का?

मुक्तछंद

चालेल. कविता चांगली असेल तर.

कॉर्नर_कॅम्पर

गेमवाल्यांतर्फे हजेरी लावतो. रीलोडचा विषय निघालाच आहे तर गेम्समधली सगळ्यात मोठी थाप ऐका. मॅगझिनमध्ये तीस गोळ्या, तुम्ही सात झाडल्या आणि सवयीने रीलोड दाबलं. प्रत्यक्षात अर्धवट मॅगझिन काढून खिशात जाईल, त्यातल्या तेवीस गोळ्या तिथेच राहतील. गेममध्ये मात्र त्या आपोआप हिशोबात जमा. बँकेपेक्षा चोख काम. काही गंभीर गेम्समध्ये अर्धी मॅगझिन्स वेगळी मोजतात, पण ते खेळणारे मोजकेच.

दुसऱ्या महायुद्धावरच्या काही जुन्या गेम्समध्ये अमेरिकन गरँड रायफलच्या आठही गोळ्या संपल्याशिवाय रीलोड करताच यायचं नाही. आम्ही शिव्या घालायचो. पण त्या रायफलीत आठ गोळ्यांची अख्खी क्लिप आत जायची आणि शेवटच्या गोळीबरोबर टिंग आवाज करत बाहेर उडायची, त्यामुळे अर्ध्यावर भरणं किचकटच होतं. म्हणजे गेम खरं बोलत होता आणि आम्हीच खोटं मागत होतो.

पबजीलाही श्रेय देतो. त्यातली कार-९८ रायफल विना-दुर्बीण असेल आणि रिकामी झाली तर पाच गोळ्या एकदम पट्टीने भरतो. दुर्बीण लावली की एकेक गोळी. कारण वर दुर्बीण बसली की पट्टी खोचायला जागाच उरत नाही. हे ज्याने केलं त्याला दंडवत.

खवचट_खान

आणि त्याच गेममध्ये पाठीला लटकवलेला फ्राइंग पॅन रायफलची गोळी अडवतो. त्यालाही दंडवत का?

कॉर्नर_कॅम्पर

त्याला साष्टांग. त्या पॅनने माझा जीव किती वेळा वाचवलाय याचा हिशोब नाही.

गोरेगावची_गौरी

मी मालिकांच्या कलाविभागात काम करते, त्यामुळे थोडी आमची बाजू.

हाणामारीच्या तलवारी फायबरच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात. क्लोजअपसाठी एखादी पोलादी, तीही बोथट. रोज बावीस मिनिटांचा भाग बाहेर पडायला हवा, कलाकार उन्हात सहा तास जिरेटोप घालून, घोडा भाड्याचा. अशात खरं पोलाद हातात दिलं तर संध्याकाळपर्यंत कुणाचं तरी बोट जाईल. फायबर हलकं असतं, म्हणून नट तलवार काडीसारखी फिरवतो, आणि मग लोक म्हणतात मनगटात जोर नाही.

म्यानातून तलवार निघताना येणारा तो "श्शिंग" आवाज आम्ही नंतर घालतो. म्यान लाकडाचं, वरून मखमल किंवा कातडं, आवाज कुठून येणार? एका ऐतिहासिक मालिकेत मी तो आवाज काढायला लावला होता. दिग्दर्शकांनी भाग बघितला आणि म्हणाले, "तलवार निघाली ते कळलंच नाही." आवाज परत आला.

तोफगोळ्याचा स्फोट म्हणाल तर जमिनीत भांडं पुरतात, त्यात थोडी दारू, वर मुलतानी माती आणि बुरादा. माती उडाली की प्रेक्षकाला वाटतं काहीतरी झालं. गोळा नुसता धप्पकन पडून घरंगळत गेला तर कुणी घाबरेल का?

तोफची_निवृत्त

गौरीताई, घाबरेल. मी सांगतो का ते.

तोफखान्यात नोकरी झाली, देवळालीला प्रशिक्षणही दिलं आहे, त्यामुळे जुन्या तोफांबद्दल कुतूहल आधीपासून. भरीव लोखंडी गोळा पडून थांबत नाही. कडक जमिनीवर तो पाण्यावर टाकलेल्या चपट्या दगडासारखा टप्पे खात जातो, आणि प्रत्येक टप्प्याला माणसाच्या गुडघ्याच्या नाहीतर छातीच्या उंचीवरून जातो. रांगेत उभ्या असलेल्या फौजेत तो शिरला की एकामागोमाग एक माणसं जातात. शेवटी अगदी हळू घरंगळताना दिसतो, तेव्हासुद्धा त्याला पाय लावून अडवायला जाणाऱ्याचा पाय गेला आहे. यात स्फोट नाही, आग नाही, पण दाखवायचं म्हटलं तर अंगावर काटा येईल. कुणी दाखवत नाही.

धागालेखकांसाठी: हे सगळं कोरड्या जमिनीवर. चिखलात गोळा रुततो, टप्पा मिळत नाही. वॉटर्लूला १८१५ साली नेपोलियनने सकाळी हल्ला लांबवला त्यामागे आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली जमीन हे एक कारण सांगतात. तेव्हा आषाढातला वेढा लिहीत असाल तर फक्त बंदुकीचा विचार करून चालणार नाही, तोफाही निम्म्या निकामी समजा.

मात्र फुटणारे गोळे नव्हतेच असं कुणी म्हणू नये. गरनाळेतून, म्हणजे आखूड नळीच्या तोफेतून, उंच कमानीने कुलपी गोळे टाकत. आत दारू, वर वात. आणि गंमत म्हणजे १६६० चा पन्हाळा हीच त्याची जागा. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन गरनाळा आणि गोळे घेऊन जौहरच्या मदतीला आला होता, इंग्रजांचं निशाण लावून मारा केला. त्याची परतफेड महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटून केली आणि रेव्हिंग्टन कैदेत गेला. म्हणजे तुमच्या कथेत गोळा फुटला तर तो एकदाचा बरोबर फुटेल.

रानवारा (धागालेखक)

सुभेदार साहेब, हे सोनं आहे. रेव्हिंग्टन माहीत होता, पण तो या कथेत वापरता येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

तोफची_निवृत्त

सुभेदार कुठून काढलंत? हुद्दा सांगितला नव्हता. पण बरोबर आहे.

अस्सल_मावळा_९६

तुम्ही सगळे पुस्तकी लोक. आमच्या पूर्वजांच्या तलवारी चाळीस चाळीस किलोच्या होत्या. आजच्या पोरांना उचलणार नाहीत म्हणून मालिकांमध्ये हलक्या देतात. गौरीताईंनी स्वतःच कबूल केलं.

गोरेगावची_गौरी

मी असं काहीही कबूल केलेलं नाही हो दादा.

हलगी_कडाडली

@अस्सल_मावळा, भावा, मी कोल्हापूरचा, लहानपणापासून मर्दानी खेळाच्या आखाड्यात. तलवार, पट्टा, विटा सगळं हाताखालून गेलंय. चाळीस किलो म्हणजे सिमेंटच्या पोत्याला दहा किलो कमी. ते खांद्यावर घेऊन माणूस चालतो, फिरवत नाही. युद्धातली तलवार साधारण एक किलो, सव्वा किलो. एवढ्यानंही तासाभरात खांदा भरून येतो. वार एकदा चुकवला गेला की हत्यार थांबवून परत आणावं लागतं, तिथं माणूस मरतो. जड हत्यार म्हणजे उशिरा परत येणारं हत्यार.

देवळात, वाड्यात ठेवलेल्या मोठ्या तलवारी असतात, त्या पूजेच्या आणि मिरवायच्या. त्या बघून लोक हिशोब करतात.

आणि आता माझं दुखणं. पट्टा. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, आनंद झाला. पण पडद्यावर पट्टा दिसला की मी डोळे मिटतो. पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात जातो. मनगट बांधलं गेलं. मनगट फिरणार नाही म्हणजे तलवारीसारखी खटाखट खटाखट काटाकाटी होणारच नाही. पट्टा कोपरातून आणि खांद्यातून फिरतो, त्याच्या मागे कंबर, तिच्या मागे पाय. पवित्रा चुकला तर स्वतःचाच कान जातो. पातं लांब आणि लवचीक, त्यामुळे चहूबाजूंनी वेढलेला एकटा माणूस गर्दी लांब ठेवू शकतो. खरा उपयोग तोच. आणि हे सिनेमात नायक-खलनायकाचं एकास एक द्वंद्व लावतात पट्ट्यावर, समोरासमोर, पाती अडकवून डोळ्यांत डोळे घालून संवाद!

खवचट_खान

संवाद नसेल तर नटाला पैसे कशाचे?

अस्सल_मावळा_९६

म्हणजे आमचे पूर्वज दुबळे होते असं म्हणायचं आहे का?

हलगी_कडाडली

अरे बाबा, सव्वा किलोची तलवार घेऊन सहा तास लढणारा दुबळा होय? तूच ये एकदा आखाड्यात. पाण्याची बाटली घेऊन हात ताठ धरून दहा मिनिटं उभा राहा, मग बोलू. चहा माझ्याकडून.

अस्सल_मावळा_९६

येतो. पत्ता व्यनि करा.

यॉर्कशायरचा_जोशी

वजनावरून आठवलं. इथे लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात हिंदुस्थानी हत्तीचं चिलखत आहे. लोखंडी पत्र्यांचे असंख्य तुकडे कड्यांनी जोडलेले, सगळं मिळून शंभर किलोच्या वर. आमच्या मुलीने ते बघून विचारलं, "बाबा, हा गेममधला हत्ती का?" कारण ती एज ऑफ एम्पायर्स तीन खेळते आणि त्यात हिंदुस्थानी फौजेत सोंडेत साखळी घेऊन घरं पाडणारा हत्ती आहे.

तो गेम मी तिच्याबरोबर बराच खेळलोय. एक बारकावा मला फार आवडला. बाकीच्या संस्कृतींमध्ये नवा गावकरी तयार करायला अन्न लागतं, हिंदुस्थान्यांना लाकूड लागतं. आणि गायी पाळता येतात पण मारून खाता येत नाहीत. उंटावरची छोटी तोफ, जंबुरा, तीही आहे. पानिपतावर अब्दालीच्या जंबुऱ्यांनी काय केलं ते आपल्याला माहीतच आहे.

दुसरीकडे एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन खेळता येतं, पण तिथे १७०० सालीच "मराठा महासंघ" नकाशावर तयार. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, ताराबाई राज्य चालवत होत्या, औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत फिरत होता. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले असा सरदारांचा संघ दिसायला अजून काही दशकं अवकाश. हत्यारं जवळपास बरोबर आणि राज्य चुकीचं, असा प्रकार.

बारामतीची_आत्या

जोशीबुवा, हेच म्हणायचं होतं मला. सगळे हत्यारांवर तुटून पडलेत, पण मला मालिकांमध्ये खटकतं ते रसद कुणालाच लागत नाही हे. दहा हजार घोडं मैदानात उभं, दाणावैरण कुठाय? पानिपतावर भाऊसाहेब हत्यारं कमी होती म्हणून नाही अडकले, रसद तुटली म्हणून अडकले. दोन महिने उपाशी जनावरं आणि माणसं, मग १४ जानेवारीची लढाई. पण मालिकेत उपास दाखवायचा म्हटलं तर एक म्हातारी रडते आणि पुढच्या दृश्यात सगळे ताजेतवाने.

मुक्तछंद

आत्या, हे मात्र पटलं. भूक ही कथेची गोष्ट आहे.

गडवेडा_सांगलीकर

आणि भिजलेली जामगी नाही का? आषाढात उभ्या असलेल्या माणसाचा सगळा दिवस ती कोरडी ठेवण्यात जातो. ती विझली की त्याच्या हातात लाकडाचं दांडकं उरतं आणि हे त्याला माहीत असतं. त्याच्या मनात काय चाललंय ते हवं होतं ना तुम्हाला? हे चाललंय.

मुक्तछंद

...

खवचट_खान

मुक्तछंद यांचा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. पावसाच्या प्रश्नाला आमच्याकडचा एक धागा जोडतो. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले तेव्हा त्यांच्याजवळच्या तोड्याच्या बंदुका जपान्यांनी पाहिल्या आणि थोड्या वर्षांत तिथल्या लोहारांनी त्या घडवायला सुरुवात केली. पाऊस तिकडेही कमी नाही. जपान्यांनी चाप आणि पेल्याच्या भागावर बसणाऱ्या लाखेच्या छोट्या पेट्या केल्या, जामगी आत, पाणी बाहेर. तेव्हा प्रश्न लोकांना सुटत नव्हता असं नाही, पण त्याला वेगळं सामान आणि वेगळी तयारी लागायची. तुमचा बरकंदाज साधा माणूस असेल तर त्याच्याकडे फार तर मेणकापड.

अवांतर: फिरंग तलवारींची सरळ पाती युरोपातून यायची, त्यातली बरीच पोर्तुगीजांमार्फत. तेव्हा "शत्रूचं पोलाद आणि आपली मूठ" हे सोळाव्या-सतराव्या शतकात अगदी रोजचं होतं. मालिकांमध्ये प्रत्येक तलवार गावच्या लोहाराने ठिणग्या उडवत बनवलेली असते.

गोरेगावची_गौरी

ठिणग्या उडाल्याशिवाय लोहार आहे हे कसं कळणार? 😄

बरं, एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला करून बघायची आहे. काळ्या दारूचा धूर. एक फैर झाली की समोरचं काही दिसू नये इतका पांढरा धूर होतो. बिनधुराची दारू १८८० च्या दशकात आली, त्याआधीच्या प्रत्येक लढाईत हा धूर होता. आम्ही तो दाखवत नाही कारण धुरात नटाचा चेहरा दिसत नाही. पण कल्पना करा, एक बार काढला आणि समोर पांढरी भिंत. लागला की नाही? कळत नाही. धूर विरेपर्यंत थांबायचं.

रानवारा (धागालेखक)

गौरीताई, हे वाचून उठून दोन फेऱ्या मारल्या. एकच बार, छपराखालून, आणि मग धूर. पावसाळी हवेत तो लवकर विरतही नसेल. माणूस पडला का पळाला हे त्याला कळतच नाही. माझ्या तीन बारांच्या प्रसंगात तिसऱ्याला माणूस पडला हे त्याला दिसतं, आणि तिथेच सगळं संपतं. इथे त्याला उतरून बघायला जावं लागेल, त्या पावसात, विझलेली जामगी घेऊन.

गडवेडा_सांगलीकर

एक तलवारही द्या कमरेला. बरकंदाज रिकाम्या बंदुकीनिशी रानात उतरणार नाही.

मुक्तछंद

हा प्रसंग वाचायला मिळाला तर बरं होईल. अंक कोणता ते कळवा.

पेठेतला_पेन्शनर

सगळं वाचलं, छान चर्चा. पण सिंहगडाच्या घोरपडीचं काय? ती खरी की खोटी तेवढं एकदाचं सांगून टाका.

गडवेडा_सांगलीकर

घोरपड पोवाड्यातली. पण सभासदाच्या बखरीत तानाजीची ढाल तुटते आणि दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करून लढतो, हा तपशील आहे. आणि गड घेतल्यावर पागेची छपरं पेटवून इशारा देतात, तो उजेड राजगडावरून दिसतो. इतकी चित्रमय जागा समोर असताना सगळे घोरपडीच्या मागे का लागतात कळत नाही.

खवचट_खान

कारण घोरपडीला संवाद लागत नाहीत.

कॉर्नर_कॅम्पर

@तोफची_निवृत्त काका, आधुनिक काळावरही बोला की. सैन्यावरच्या सिनेमांमध्ये तुम्हाला काय खटकतं?

तोफची_निवृत्त

यादी मोठी आहे, थोडक्यात सांगतो.

सॅल्यूट. लष्करात तळहात समोरच्याला दिसतो, नौदलात तळवा खाली झुकलेला, वायुदलात २००६ पासून पंचेचाळीस अंशांत. सिनेमात तिन्ही दलांचे लोक मनाला येईल तसा करतात. आणि डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान उभं राहतात. पडद्यावर मात्र नायक केस वाऱ्यावर उडवत सॅल्यूट ठोकतो.

ग्रेनेडची पिन दाताने ओढणं. करून बघा, पिन निघायच्या आधी दात निघेल. आणि फुटल्यावर पेट्रोलचा भडका दिसत नाही. धूळ, धूर आणि आवाज. मारतात ते तुकडे, डोळ्यांना न दिसणारे.

१०६ मिलिमीटरची आरसीएल (रिकॉइललेस) गन, जिच्यावरून १९६५ मध्ये असल उत्तरला अब्दुल हमीदांनी पॅटन रणगाडे फोडले. हिला मागे धक्का नसतो, कारण निम्मा जाळ मागून बाहेर पडतो. एका चित्रीकरणात मी पाहिलं, गन उडते आणि बरोबर मागे दोन जवान छाती काढून उभे. प्रत्यक्षात त्यांचं काय झालं असतं ते इथे लिहीत नाही.

आणि सुप्त राग: १९७१ च्या कथेत इन्सास. ती रायफल आमच्या पुण्यात पाषाणला एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवली आणि जवानांच्या हातात आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. ७१ ला आमच्याकडे एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, होती.

बारामतीची_आत्या

काका, पण मग बरोबर हत्यारं बघायची कुठे?

तोफची_निवृत्त

अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. रणगाड्याशेजारी एकदा उभं राहिलं की सिनेमात नायक त्यावर उडी मारून चढतो ते का हसू येण्यासारखं आहे ते कळेल. किल्ल्यांवर हल्ली दुर्गसंवर्धनवाल्या पोरांनी तोफांना सागवानी गाडे बसवलेत, तेही बघा. फक्त तोफेवर राजमुकुटाचा ठसा दिसला तर ती बहुतेक इंग्रजांची. तिथे उभं राहून शिवकालीन तोफ म्हणून सेल्फी काढू नका.

कॉर्नर_कॅम्पर

आणि सायलेन्सर? "फुस्स" एवढाच आवाज येतो तो?

तोफची_निवृत्त

रायफलीचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर असतो. सायलेन्सरने वीस-तीस डेसिबल कमी होतात. म्हणजे कान फुटायचा वाचतो, शेजारी झोपलेला जागा होतोच. गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाड वेगळा.

पेठेतला_पेन्शनर

एसएलआर एका दमात भराभर गोळ्या सोडायची का हो? परवा एका सिनेमात ७१ चा जवान ती मशीनगनसारखी चालवत होता.

तोफची_निवृत्त

नाही. आमची एसएलआर एका चापाला एक गोळी. वीस गोळ्यांचं मॅगझिन, ७.६२ ची गोळी, खांद्याला दणका चांगला बसायचा. भराभर सोडायला सेक्शनमध्ये एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, असायची, ते काम तिचं.